डावीकडचा तिसरा होल

नाही, तिकडं डावीकडं काही वेगळं नाही हर्षलभाऊ, उजवा पंख बघितला म्हणजे डावा बघितला. विमान विकत घ्यायचंय ना, मग आधी हे रिवेट बघा. बोट फिरवा त्याच्यावरून — लागतं काही? नाही लागणार. ह्यातले निम्म्यावर होल माझ्या हातचे आहेत. सुमनबाईंनी सांगितलंच असंल, त्यांच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या जोडीला चिंधा होता म्हणून. मी खडोलीला कंपनीत ड्रिलवर, गाव आमचं साक्रीकडं. विश्वनाथ सर कोकणातले, सिल्वासाला सरकारी शाळेत सायन्स शिकवायला आले ते इथलेच झाले. सत्त्याऐंशी साली त्यांनी ह्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, एका माणसाचं. लोक हसायचे. मी पण एका रविवारी हसायलाच आलो होतो — सरांनी हातात ड्रिल दिलं आणि म्हणाले, "ह्या पत्र्याला एक होल पाड बघू." पाडला. त्यांनी भिंग लावून बघितला. म्हणाले, "पुढच्या रविवारी ये." सात वर्षं आलो.

तुम्हाला वाटंल, होल पाडण्यात काय एवढं? मला पण वाटायचं. कंपनीत दिवसाला हजार पाडतो. पण इथं आधी बारीक होल, मग दोन पत्रे स्प्रिंगच्या पिनांनी एकमेकांना धरायचे, सगळे होल समोरासमोर आले का बघायचं, मग थोडं मोठं ड्रिल, मग कडेचा कीस काढायचा. पत्रा सरकला तर अख्खी ओळ वाया. आणि सगळ्यात अवघड हे — इथं, पंख जिथं अंगाला जोडतो ना, तिथं. एका बाजूला चार बोल्ट, दोन्हीकडचे मिळून आठ. विमान वर गेलं की माणसाचं सगळं वजन ह्या आठांवर. पंख जागेवर बसवून, पातळी बघून, दोन्ही जाड पट्ट्या एकदम भेदायच्या. ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून सरांनी लोखंडी ठोकळा केला होता, त्याच्या भोकातून ड्रिल घालायचं. नियम एकच — हे आठ होल दोघांनीच पाडायचे. एकानं ड्रिल धरायचं, एकानं बाजूनं बघायचं.

सात तसेच पाडले... म्हणजे आठही. आठही पाडले.

गेलातच का डावीकडं? हां, हात लावा, लावा. बोल्ट घट्टच आहे. दिसायला घट्टच आहे तो तिसरा — राहू द्या ना भाऊ, पाना कशाला घेता? थांबा. ठेवा तो खाली. सांगतो.

ब्याण्णवचा मार्च. हाच एक होल राहिला होता. सरांना परीक्षेची ड्युटी लागली, येता येईना. म्हणाले, चार दिवस थांब. मी कशाला थांबू? पाच वर्षं झालेली, हात बसलेला, आणि मनात असं की सर संध्याकाळी घरी येतील तेव्हा म्हणायचं, सर, झालं. शाबासकी पाहिजे होती, दुसरं काही नाही. ठोकळ्याचा क्लॅम्प मी नीट आवळला नाही. ड्रिल आत गेलं आणि आवाज बदलला — बारीकसा. पण ज्याला कळतो त्याला कळतो. काढून बघितलं तर होल लांबट. अंडं असतं ना, तसा. आणि पट्टीच्या काठाकडं गेलेला, म्हणजे मोठा करून मोठा बोल्ट घालायची पण सोय नाही. मग काय केलं मी? ॲल्युमिनियमचा कीस लुकणात कालवला, फट भरली, गोल कानशीनं गोल केलं, बोल्ट ठोकला, वर वायसरची चकती. सरांनी येऊन बघितलं. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "एकट्यानं केलंस?" मी म्हणालो, हो सर.

दोन वर्षं मी गप्प. रोज वाटायचं, आज सांगू. चौऱ्याण्णवला इंजिन बसलं, मैदानावर पळवून झालं, आता उडायचं. त्याच्या आधी सरांनी सगळे बोल्ट काढून तपासायला घेतले. मला सांगितलंच नाही. मी शिफ्ट करून आलो तर सर इथंच, स्टुलावर. समोर वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर लुकणाचे बारके बारके तुकडे, गोळा करून ठेवलेले. सरांनी कागदाची पुडी केली, खिशात घातली. म्हणाले, "चिंधा, चहा घे." बस. एवढंच.

पंख पुन्हा करायचा तर सगळे रिवेट उपटायचे, पट्टी नवी आणायची, चार वर्षं. सर साठीला आलेले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, डोळे गेले, आता उडवणं होणार नाही. गावात काय काय बोलले लोक — मास्तर घाबरला, फुकटचं खूळ. बाईंना पण तेच वाटलं, अजून वाटतं. आणि डोळे काय गेले होते हो? बाईंची सुई तेच ओवून द्यायचे, मी बघितलंय, एका दमात. आणि मी होतो तिथंच बसलेलो. चहा पीत.

मागच्या दिवाळीच्या आधी सर दवाखान्यात होते. मी ठरवून गेलो होतो. म्हणालो, सर, एक सांगायचं होतं. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाले, "चिंधा, तुझे सात होल मी कुणालाही दाखवले असते." तिसऱ्या दिवशी गेले.

आता कंपनीत ड्रिल चालू केलं की मी आधी आवाज ऐकतो, मग हात लावतो. पोरं म्हणतात, चिंधाभाऊ, बहिरे झाले का? बहिरा झालो असतो तर बरं होतं.

तुम्ही असं करा — बाईंना सांगा, इंजिन गंजलंय, मला नको. त्यांनी तुमच्यासाठी पोहे केलेत, खा आणि — नाही. नाही, तसं नका सांगू. सरांच्या इंजिनाला कशाला नाव ठेवायचं? त्यांनी महिन्याच्या महिन्याला तेल दिलंय त्याला. तुम्ही काहीच सांगू नका. मीच जातो आत, बाईंना खरं सांगतो. पोहे राहू द्या भाऊ, वापीची बस आहे साडेतीनची, ती गाठा. तुमच्यासमोर नाही होणार मला. जा तुम्ही.