ज्योतीताईंनी काय काय खोडलं

चहा येतोय तोवर आमच्या ज्योतीताईंचं ऐका. बुऱ्हानपूरला विद्यापीठाच्या ऑफिसवाल्यांना एआय मीच शिकवते, ताई त्यांच्यातल्याच एक. पहिला नियम, विद्यार्थ्याचं नाव त्यात टाकायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ताईंच्या टेबलापाशी होते, तेवढ्यात मोठे साहेब आले. "ताई, त्या आजारी पोरीचा अर्ज एआयमध्ये टाका, फटाफट जवाब बनवा."

ताईंनी नाव खोडलं. मग गाव खोडलं, बापाची मिलमधली नोकरीही खोडली.

साहेब वैतागले. "नियम तर फक्त नावाचा आहे ना?"

"साहेब, नेपानगरसारख्या छोट्या गावात मिलवाल्याची आजारी पोरगी म्हटलं की लोक डबा घेऊन घरी पोचतात. नाव कोण विचारतं?"

माझी कॉलर तिथंच टाइट झाली!

साहेब म्हणाले, "मी तर तुमची परीक्षा घेत होतो."

ताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, उद्याच्या ट्रेनिंगला साहेबांचं नाव टाका."