आठही दिवे लागले होते

(दावणगेरेतलं एक लहान इस्पितळ, तिसरा मजला, सकाळ. नवजात बाळांच्या खोलीबाहेर तिघं उभे आहेत: इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणारी नागवेणी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले तिचे वडील रुद्रप्पा आणि बाळांच्या डॉक्टर शांभवी.)

डॉ. शांभवी: पुन्हा चित्र गेलं. बेंगळुरूचे हृदयाचे डॉक्टर फोनवर ताटकळलेत, नागवेणी. त्यांना सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाच्या झडपा हलताना बघायच्यात आणि तिकडे पडद्यावर नुसते चौकोन येतायत.

नागवेणी: दोन मिनिटं, मॅडम.

डॉ. शांभवी: मघाशीही दोनच होती.

रुद्रप्पा: डॉक्टरम्मा, खालून इथवरची वायर मी ओढलीय. तिच्यात काही खोट निघायची नाही. तळमजल्यावरचा तो राउटर बदला म्हणावं, जुना झालाय.

नागवेणी: अप्पा, राउटरला आत्ताच थेट लॅपटॉप लावून बघितला. तिथे सगळं झकास चालतंय. अडतंय ते राउटर ते तिसरा मजला, एवढ्यातच.

रुद्रप्पा: म्हणजे माझ्या वायरीत.

नागवेणी: हो.

रुद्रप्पा: साठ मीटर नेली, कुठे दुमडली नाही. विजेच्या तारांपासून हातभर लांब ठेवली. टेस्टर लावला तेव्हा आठही दिवे ओळीने लागले, तू समोर उभी होतीस.

नागवेणी: होते ना. दिवे बघितले आणि मान डोलावली. आत उघडून बघितलं नाही, ते माझं चुकलं.

डॉ. शांभवी: तुमचं घरचं घरी. मोबाइलवरून दाखवता येणार नाही का?

नागवेणी: इथे बोलण्यापुरतीच रेंज आहे, मॅडम. आणि दुसरी वायर वर आणायची तर दोन तास.

डॉ. शांभवी: दोन तास त्या पोराकडे नाहीत. नीट ऐका दोघंही. चौडम्माचं बाळ चौदा तासांचं आहे आणि निळं पडतंय. दुखणं हृदयाचं असेल तर एक इंजेक्शन आत्ता सुरू करायचं. फुप्फुसाचं असेल तर त्याच इंजेक्शनने त्याचा श्वास थांबू शकतो. मला इथे बसून खात्रीने सांगता येत नाही. त्यांना येईल, पण दिसलं तर. मी आत जाते. दार उघडंच ठेवते.

नागवेणी: अप्पा, भिंतीवरच्या या वायरीच्या पेटीचं झाकण धरा. बॅटरी इकडे मारा. थांबा. हे काय केलंत?

रुद्रप्पा: काय केलं?

नागवेणी: कनेक्टरमध्ये रंग कसे घातलेत? नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची.

रुद्रप्पा: मग? जोडीशेजारी जोडी. छत्तीस वर्षं तशीच बांधत आलो.

नागवेणी: इथे तसं नसतं. हिरव्या जोडीच्या दोन तारांच्या मधे निळी जोडी येते.

रुद्रप्पा: कशाला? दोन्ही टोकांना एकच क्रम आहे ना? इथून निघालेली तार तिथे बरोबर पोचते. वीज काय रंग वाचत बसते?

नागवेणी: पोचते, म्हणून तर दिवे लागले. पण राउटर तिसरी आणि सहावी तार एक जोडी धरतो. त्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात. तुमची तिसरी हिरवीच्या पिळातली आणि सहावी निळीच्या.

रुद्रप्पा: सहा महिने चाललं ते काय भुताने चालवलं?

नागवेणी: चाललं कुठे, रखडत होतं. नुसत्या नोंदी पाठवायच्या होत्या, म्हणून कोणाला कळलं नाही. आज पहिल्यांदा जड काम पडलं. एकीचं बोलणं दुसरीत शिरतंय, अप्पा.

रुद्रप्पा: लाइनीत शेजाऱ्याचा फोन ऐकू यायचा, तसं?

नागवेणी: अगदी तसं.

रुद्रप्पा: म्हणजे जोडी फुटलीय.

नागवेणी: हो.

रुद्रप्पा: फुटली कसली, मी फोडली. याच्यासाठी मी हाताखालच्या पोरांना खांबावरून खाली उतरवून शिव्या घातल्यात.

डॉ. शांभवी: नागवेणी! ऑक्सिजन बहात्तरवर आलाय.

नागवेणी: सरका, अप्पा. हे टोक मी करते, मग खाली पळते.

रुद्रप्पा: एकामागून एक करत बसशील? तू खालचं धर, वरचं मी करतो.

नागवेणी: नको. दोन्ही मीच करते.

रुद्रप्पा: माझ्यावर भरवसा नाही?

नागवेणी: आत्ता नाही.

रुद्रप्पा: बरं, नसू दे. पण वेणी, माझा हात चुकला नव्हता, डोकं चुकलं होतं. डोकं तू चालव. फोन लाव, खांद्याने कानाशी दाबून धरतो. तू म्हणशील तीच तार घालीन, माझी अक्कल पाजळणार नाही. जा, पळ.

नागवेणी: ...ऐकू येतंय? जिन्यात आहे. जुनं टोक छाटा. पीळ लागेल तेवढाच सोडा, जास्त नको.

रुद्रप्पा: छाटलं. सोडला. बोल.

नागवेणी: पोचले. मीही छाटतेय. नारिंगी-पांढरी.

रुद्रप्पा: घेतली.

नागवेणी: नारिंगी. मग हिरवी-पांढरी.

रुद्रप्पा: घेतल्या. आता हिरवी.

नागवेणी: निळी, अप्पा.

रुद्रप्पा: हं. निळी. हात तिकडेच जातो गं.

नागवेणी: जाऊ दे, परत आणा. निळी, मग निळी-पांढरी. आता हिरवी. तपकिरी-पांढरी, तपकिरी. उलट वाचून दाखवा.

रुद्रप्पा: तपकिरी, तपकिरी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, हिरवी-पांढरी, नारिंगी, नारिंगी-पांढरी.

नागवेणी: बरोबर. दाबा.

रुद्रप्पा: दाबलं. ओढूनही बघितलं, पक्कं आहे. सोनोग्राफीच्या यंत्रात खोचतोय.

नागवेणी: मीही लावलं. मॅडमना विचारा.

रुद्रप्पा: डॉक्टरम्मा, बघा आता.

डॉ. शांभवी: चौकोनच आहेत. नाही, थांबा. आलं. सर, दिसतंय तुम्हाला? हो, तिथेच ठेवते. अजून डावीकडे? ही घ्या.

नागवेणी: अप्पा, काय झालं? बोला ना.

रुद्रप्पा: गप्प. बघतायत ते.

डॉ. शांभवी: कळलं, सर. हृदयाजवळची जन्माआधीची नळी मिटत आलीय, ती उघडी ठेवायला हवी. हृदयच आहे. सिस्टर, इंजेक्शन सुरू करा, आणि श्वासावरून नजर हलवू नका.

नागवेणी: अप्पा?

रुद्रप्पा: हृदय म्हणाल्या. वर ये तू.

डॉ. शांभवी: या दोघं, काचेतूनच बघा. इंजेक्शन सुरू करून अर्धा तास होत आला. शहाऐंशी झालाय ऑक्सिजन. ओठ बघा. धोका टळला असं म्हणणार नाही मी, रुग्णवाहिका निघालीय बेंगळुरूहून. पण पोचेल हे तिथवर.

नागवेणी: चौडम्माला सांगितलंत?

डॉ. शांभवी: आता जातेय. त्याआधी एक. चित्र का तुटत होतं, ते मला वरिष्ठांना लेखी कळवावं लागेल. काय लिहू?

नागवेणी: उंदराने वायर कुरतडली होती, असं लिहा.

डॉ. शांभवी: उंदराने.

नागवेणी: हो, मॅडम. जुनी इमारत आहे.

रुद्रप्पा: वेणी.

नागवेणी: अप्पा, तुम्ही बोलू नका. पुन्हा कोणी काम देणार नाही तुम्हाला.

रुद्रप्पा: नको देऊ देत. डॉक्टरम्मा, उंदीर लिहिलंत तर पिंजरा लावून मोकळे व्हाल. माझं नाव लिहा. खाली अजून अकरा वायरी मीच अशाच बांधल्यात.