घोड्याची सांधेदुखी

कलावंतांना मदत करणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात एक नर्तकी बाकावर बसून नंबराची वाट पाहत होती. समोर खिडकीशी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे काका उभे होते, मनगटाला पट्टा बांधून.

"काका, आरोग्य विम्याच्या अर्जात नऊ जण लिहिलेत तुम्ही," खिडकीमागच्या कारकून बाई म्हणाल्या.

"अख्खा संच आहे, ताई."

"राजा चाळीस वर्षांचा आणि राणी सहाची?"

"जुनी राणी भिजून फुगली. ही नवी केलेली."

"आणि घोड्याला सांधेदुखी?"

"गुडघ्याचा खिळा सैल झालाय. खोटं कशाला लिहू?"

"बाहुल्यांच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो, तोही देते. पण यात तुमचं नाव कुठंय?"

"माझं?"

"मनगट कोणाचं दुखतंय?"

"इतकी वर्षं पडद्यामागेच गेली हो. लक्षातच आलं नाही. घोड्याच्या खाली लिहू?"

"सगळ्यांच्या वर लिहा. खेळात उभे असता तिथेच."

काका हसत पेन शोधू लागले. बाकावरच्या नर्तकीने आपल्या अर्जातलं ‘दुखणं: काही नाही’ हळूच खोडलं आणि तिथे ‘डावा गुडघा’ लिहिलं.