साडूची गिअरची सायकल

सायकलचा कर भरून नवा बिल्ला घेण्यासाठी महापालिकेत रांग होती. माझ्या पुढे चनबसप्पा, त्यांच्या पुढे त्यांचे मित्र सिद्धाप्पा. दोघांच्याही हातात जुन्या, काळ्या सायकली.

“सिद्धाप्पा, गिअरची सायकल म्हंजे मनुष्यजातीची फसवणूक हाय!”

“आधी चाक मागं घ्या. माझ्या धोतरावर आलंय.”

“आमच्या साडूनं घेतलीय, तीन गिअरची. दुप्पट पैसे मोजून! सोलापुरात चढ कुटं हाय, दाखवा की मला.”

“हलकी पळत असंल.”

“पळती. परवा होटगीला सासरवाडीत मी पोचलो, तवर ह्यो चहा पिऊन बसलेला.”

“मग लई पळती की!”

“त्याचं काय न्हाय हो. सासऱ्यानं त्याची सायकल उचलून सोप्यात नेली. वर नवी चादर घातली.”

“आन् तुमची?”

“म्हणाले, ऱ्हाऊ दे भाईर, तिला कोण नेतंय!”

“अरारा.”

“दुप्पट पैसे द्यावं असं त्यात काय बी न्हाय, सांगतो तुमाला.”

“व्हय, व्हय.”

“उद्या परत आमा दोघा साडूंला तितंच जेवाण हाय.”

“जावा की मग.”

“सिद्धाप्पा, तुमच्या घंटीची वाटी लई चकाकती. उद्यापुरती देता काय?”