खिडकीतला सुतार

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रंगूबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या मुक्ताबाईंची पट्टी नुकतीच सुटली होती आणि नवरा धोंडिराम त्यांच्यापुढं मोबाईल धरून बसला होता.

"आवं, लय निळंभोर दिसतंय. काय हाय?"

"फ्रान्समधल्या चर्चची खिडकी. आठशे वर्सांच्या काचा. आपली नीलिमा साफ करतीया."

"आन् खाली चाक तासतोय, त्यो कोन?"

रंगूबाईही नकळत वाकल्या.

"सुतार. तिथल्या सुतारांनीच ही खिडकी देवाला दिली म्हनं."

"तुमी चाक तासताना बसता, तुमच्यावानीच पाय मुडपून बसलाय."

"व्हय की!"

"आन् मी पोरीला म्हनलं, काचा पुसायला एवढ्या लांब कशाला? दोन वर्सं धड बोलले न्हाई."

"मग आता?"

"फोन लावा."

"काय सांगनार?"

"घाई करू नगंस, समदं नीट पुसून मगच ये, म्हनून सांगते."