सशानं घेतला वाघ

टक्-टक्-टक्-टक्… बस्स, एवढाच आवाज होता हो आमच्या बोटीच्या इंजिनाचा! पन्नास वर्षं होत आली, अजून कानात आहे. म्हातारा खोकतोय असा आवाज, पण बोट जायची, यायची, मासळी आणायची… आणि त्या बोटीवर कुठलं जनावर काढलेलं होतं का? नव्हतं! बोटीला कुणी विचारलं का, की बाई गं, तू उंदराच्या वर्षातली की डुकराच्या? नाही विचारलं! मग ह्या मोटारवाल्यांनाच काय धाड भरलीय, मी म्हणतो? सातासमुद्रापलीकडे बसून मोटारी करता ना, करा की! चार चाकं लावा, दारं लावा, विका. आम्हा चिन्यांच्या बारा वर्षांची बारा जनावरं कशाला कोंबता त्यात?

नाही, तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, आणि चौथी अर्धी. जन्म दर्यावर गेला, तिथं बोलायला असतं कोण? पण ह्या मोटारीचा विषय निघाला की माझं तोंड आपोआप उघडतं, अगदी त्या मोटारीच्या डिकीसारखं… आणि तिच्यासारखंच मिटता मिटत नाही!

तर आमचा यूनबो. एकुलता एक. समुद्रकाकड्यांची शेती करतो, म्हणजे ते काकडीएवढे लिबलिबीत जीव पाण्यात वाढवतो आणि बड्या लोकांना खाऊ घालतो. धंदा झकास, पण लग्न जमेना. जमणार कसं? मुलगी बघायला गेला की समुद्रकाकडीवरच बोलतो! 'तिला डोकं नसतं, तरी ती सुखात असते.' हे काय मुलीसमोर बोलायचं असतं? त्याची आई असती तर तिनं टेबलाखालून चिमटा काढला असता. मला ते जमत नाही, माझे हात मोठे आहेत.

आणि मग जमलं! छू बाईंची मुलगी मानचिंग. बंदरावर तिकिटांच्या खिडकीत बसते. शांत पोरगी, दिवसाला चार शब्द, तेही 'पुढचा या, सुट्टे द्या'. आणि वर्षं कशी जुळली म्हणता? यूनबो सशाच्या वर्षातला, मानचिंग शेळीच्या. ससा आणि शेळी! दोन्ही गवत खाणारी! बारा जनावरांत ह्याहून गोड जोडी शोधून सापडायची नाही. छू बाई स्वतः म्हणाल्या, 'व्याही, माझ्या जिवाला आता घोर नाही.' सगळं ठरलं, वाफवलेल्या पावांवर रंगीत फुलं-पानं चढली, पलंगावर शकुनाच्या खजूर-शेंगा पसरल्या… आणि ह्या शहाण्यानं वेईहाय शहरात जाऊन मोटार घेतली. नवरीला आणायला! कुणालाही न सांगता! आणि कुठली घेतली?

वाघ-वर्षाची विशेष आवृत्ती.

आता चालू वर्ष वाघाचं, म्हणून वाघ, हे मलाही कळतं. पण अरे, तू ससा! ती शेळी! वाघ पुरा होऊन पुढचं वर्ष कुणाचं येतं? सशाचं! नुसता वर्षभर थांबला असता, तर ससा मिळाला असता!

मी त्याला तेच म्हटलं. तर म्हणतो, 'बाबा, ही नुसती गाडी नाही, ही आपली संस्कृती आहे.' संस्कृती! कुठं आहे, दाखव? तर बैठकीच्या उशांवर सोनेरी दोऱ्यानं वाघ. छतात बारीक दिवे, त्यांचा वाघ. आणि दार उघडलं की खाली जमिनीवर उजेडाचा वाघ पडतो, एवढा मोठा, आ वासून! म्हणजे उतरणारा माणूस पाय ठेवणार तो थेट जबड्यात! आणि तो विकणारा पोरगा, केस चोपडलेला, मला सांगतो, 'काका, परदेशातल्या चित्रकारानं तीन वर्षं आपल्या मनाचा अभ्यास केलाय.' तीन वर्षं? आणि काढलं काय? सर्दी झालेलं मांजर! शिंकायच्या बेतात असलेलं!

असो. लग्नाचा दिवस उजाडला… उजाडला म्हणजे काय, समुद्रावरून धुकं आलं दाट, दिवसाढवळ्या दिवे लावावे असं. आमच्याकडे नवरी बाराच्या आत सासरच्या उंबरठ्यात आली पाहिजे. बारा टळले की बायका कुजबुजतात, 'दुसरेपणाची दिसतेय.' आयुष्यभर चिकटतं ते! म्हणून आम्ही लवकर निघालो. पुढे वाघ, मागे यूनबोच्या मित्रांच्या गाड्या, मी वाघात पुढच्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसलेलो. छू बाईंचं घर त्याच गावात, त्या टोकाला. मित्रांनी दारावर आरडाओरडा केला, नवरीचा लपवलेला बूट शोधला, सगळं रीतसर झालं. यूनबोनं नवरीला पाठीवर घेतलं, दारापर्यंत आणलं, मी मोठ्या ऐटीत गाडीचं दार उघडलं… आणि धुक्यात जमिनीवर वाघ उमटला.

छू बाई किंचाळल्या. 'अगं बाई! हे काय? वाघापुढे शेळी बांधायला बोलावलंय होय मला?'

मी म्हटलं, 'विहीणबाई, तो वाघ नाही, ती संस्कृती आहे.'

'मग तुमची संस्कृती तुम्हीच जेवा! माझी पोरगी त्यात बसायची नाही!'

झालं! यूनबो पाठीवर बायको घेऊन उभा, खाली ठेवावी तर नवरीचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, आत बसवावी तर वाघ. शेवटी दारातल्या खुर्चीवर ठेवली. मी म्हटलं, दुसऱ्या गाडीत बसवू. तर विहीणबाई म्हणाल्या, 'म्हणजे माझी पोर उसन्या गाडीत जाणार? लोक काय म्हणतील?' बरं, उशांवर लाल रजई टाकली. 'तोंड झाकलं म्हणून वाघ उपाशी झोपतो का?' यूनबोच्या एका मित्रानं डोकं चालवलं, एक मोठा पाव आणून उजेडाच्या वाघाच्या तोंडावर ठेवला, म्हणाला, 'घ्या मावशी, पोट भरलं त्याचं.' तर म्हणाल्या, 'आता भूक चाळवली!' अहो, वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, माणसानं करायचं काय?

मग त्या चोपडलेल्या पोराला फोन. मी म्हटलं, बाळा, तो खालचा वाघ तेवढा विझव. तर काय म्हणावं त्यानं? 'काका, तो विझत नाही. तो ह्या आवृत्तीचा आत्मा आहे.' म्हटलं, आत्मा राहू दे, इथं लग्न मोडतंय! तर गोड आवाजात म्हणतो, 'काका, मग पुढच्या वर्षीची सशाची आत्ताच नोंदवू का?'

ऐकलंत? ऐकलंत ना? वर्षभर थांबला असता, तर ससा मिळाला असता!

इकडे घड्याळ पळतंय. विहीणबाई दारात आडव्या. यूनबो घामानं निथळतोय आणि मेल्याच्या तोंडातून अशा वेळी सासूसमोर निघालं काय? 'आई, समुद्रकाकडीला शत्रू आला तर ती पोटातलं सगळं बाहेर टाकते…' अरे गप! गप बस! पस्तिशीचा मुलगा, आता हे गेलं तर कुठली बाई ह्याच्या काकड्या ऐकून घेणार?

आणि मानचिंग उठली.

लाल झगा दोन हातांनी उचलला, खुर्चीवरून उतरली, आणि पहिलं पाऊल ठेवलं ते वाघाच्या नाकावर! बरोबर नाकावर! विहीणबाई ओरडल्या, 'अगं, जमिनीला पाय!' मित्र ओरडला, 'जमिनीला कुठं, वाघाला!' तोवर ती दुसरं पाऊल टाकून रस्त्याला लागली होती. गाडीकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं नाही, सरळ आमच्या घराच्या दिशेनं, पायी! यूनबो आधी तसाच उभा, मग सुटला तिच्यामागं, आणि तेव्हा मला पटलं, की हा खरोखर सशाच्या वर्षातला. मित्रांनी गाड्या काढल्या, भोंगे वाजवत, माणसाच्या चालीनं धुक्यात गेले सगळे.

राहिलो कोण? मी, विहीणबाई, कारण नवरीच्या आईनं वरातीबरोबर जायचं नसतं आमच्यात, आणि वाघ.

विहीणबाई गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मी घोड्याच्या वर्षातली. वाघाचं आणि घोड्याचं जमतं.' आणि बसल्या की हो आत! म्हणजे वरात गेली पुढं आणि मागं हे घोडं! मला म्हणतात, 'उभे काय, बसा व्याही.' आता मी सापाच्या वर्षातला. साप आणि वाघ, विचारू नका. पण विहिणीला नाही कोण म्हणणार? बसलो. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं, तर खुर्च्या आमच्या पाठी मळायला लागल्या, कणकेसारख्या! दोघं हलतोय. हलता हलता त्या म्हणाल्या, 'लहान होती तेव्हा माझी बाही धरल्याशिवाय झोपायची नाही. आता दिवसभर लोकांना तिकिटं देऊन पाठवते… आणि आज स्वतः गेली. बिनतिकीट.'

म्हटलं, 'आमच्याकडे बाह्या भरपूर आहेत.' काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही. पण त्या थोड्या हसल्या.

तेवढ्यात गावाच्या त्या टोकाला फटाके वाजले. आमच्या दारात! मी पुढच्या काचेखालचं घड्याळ बघितलं… बाराला अजून अवकाश होता. पोहोचली पोर. वेळेत पोहोचली. मला वाटलं विहीणबाई आता काहीतरी म्हणतील, वाघाला एखादी शिवी तरी हासडतील. त्यांनी पुढच्या उशीवरच्या वाघाचा निघालेला दोरा बोटानं नीट दाबून बसवला, बाहीनं डोळे पुसले, खाली उतरल्या, आणि आपल्या घरात निघून गेल्या.

मलाही उतरायचं होतं हो, सुनेला बघायला जायचं होतं… पण ती मालिश बंद कशी करायची, ते मला कुठं माहीत!