चार चपात्या

दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“भागूमावशी, काल भांडगावच्या लग्नात चपात्या लाटायला गेला व्हता ना?”

“व्हय. शंभर माणसं जेवतील एवढ्या उरल्या. आचाऱ्याला म्हटलं, लेकीला चार नेऊ का? म्हणला, हात लावू नका. उरलेलं अन्न गोरगरिबांना वाटणारी पोरं येत्यात, त्यांना द्यायचंय.”

“मग?”

“सांजच्याला त्यांची गाडी आमच्याच वस्तीवर आली. आम्ही दोघी मायलेकी रांगेत. पहिल्याच घासाला सृष्टी वरडली, आई, ह्या तुझ्या हातच्या चपात्या!”

“आन् तुम्ही?”

“म्हटलं, गप बस. आधी दादांना थँक्यू म्हण.”